दगडाखालच्या कोळ्याचे नाव : तिरुविसनल्लूर, पॅरिस आणि पुणे

या टिपणात आपण एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. बांधावरचा दगड उचलला, खालून एक करडा कोळी पळाला. त्याचे नाव काय? आणि कोणी नाव सांगितलेच, तर ते बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे?

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, आणि माझा विषय मापनाशी संबंधित आहे. त्यामुळे मला या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्यशाळेत व्हर्नियर कॅलिपरने घेतलेले माप खरे का मानायचे? कारण तो कॅलिपर एका प्रमाणित गेजशी ताडलेला असतो, ते गेज त्याहून वरच्या प्रमाणाशी, आणि ही साखळी शेवटी राष्ट्रीय प्रमाणापर्यंत पोहोचते. प्राण्याच्या नावामागेही अशीच साखळी असते. जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांच्या बाबतीत ती युरोपातून सुरू होऊन पुण्यापर्यंत आली आहे. ती कशी जोडली गेली आणि कुठे सैल राहिली, हे आपण क्रमाने पाहू.

१. एक गाव, दोन नावे

सुरुवात तमिळनाडूतील तिरुविसनल्लूरपासून करू. कुंभकोणमजवळ कावेरीच्या खोऱ्यातले हे गाव मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, पण आपल्या इतिहासाशी त्याचा थेट संबंध आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठ्यांची सत्ता आणली. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांची कारकीर्द १६८४ ते १७१२ अशी. त्यांनी १६९३ साली हे गाव चाळिसांहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि गावाला शहाजीराजपुरम असे नाव मिळाले. ‘पतंजलिचरित’ लिहिणारे रामभद्र दीक्षित आणि शहाजीराजांवर ‘शाहेंद्रविलास’ हे काव्य रचणारे श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ हे तिथल्या पंडितांपैकी होत.

आज तिथे जाणारा माणूस बसमध्ये शहाजीराजपुरमचे तिकीट मागत नाही. राजाने दिलेले नाव ग्रंथांत राहिले आणि लोकांच्या तोंडी तिरुविसनल्लूरच राहिले. म्हणजे नाव देणे ही एक गोष्ट, आणि ते सर्वांनी एकाच अर्थाने वापरणे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीसाठी नियम लागतात. व्याकरणाच्या पंडितांना हे चांगले माहीत होते. पाणिनीच्या अष्टाध्यायीची सुरुवातच संज्ञा ठरवण्यापासून होते. कोणत्या शब्दाने नेमके काय समजायचे ते आधी ठरते, आणि नियम एकमेकांत अडखळले तर काय करायचे याच्या परिभाषाही सांगितलेल्या असतात. प्राण्यांच्या नावांच्या शास्त्राला या शिस्तीपर्यंत यायला अठरावे शतक उजाडावे लागले.

२. आपल्याकडची जुनी वर्गवारी

आपल्याकडे कोळ्यांची वर्गवारी नव्हती असे नाही. संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ आणि लूता असे दोन शब्द प्रसिद्ध आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांविषयीच्या भागात, लूतांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आठ कष्टसाध्य आणि आठ असाध्य. या विभागणीचा निकष कोळ्याचे शरीर नाही, तर माणसावर होणारा परिणाम. वैद्याला रोगी वाचवायचा असतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हा निकष योग्यच होता.

लोककथांत कोळी येतो तो जाळ्यामुळे. कावेरीकाठच्या तिरुवानैक्का येथील कथेत एक कोळी शिवलिंगावर जाळ्याचे छत विणतो आणि पुढच्या जन्मी कोच्चेंगट चोळ राजा होतो. मराठीतही कोळी म्हटले की आधी जाळे आठवते, आणि घरातले कोळिष्टक काढायला आपण झाडू उचलतो.

आता आपला दगडाखालचा कोळी घ्या. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही. रात्री जमिनीवर फिरून भक्ष्य पकडतो आणि दिवसा दगडाखाली किंवा पाचोळ्यात रेशमाची पिशवी करून बसतो. माणसाच्या वाट्याला तो सहसा जात नाही. त्यामुळे त्याला वैद्यकात जागा मिळाली नाही आणि कथेतही नाही. माणसाला उपयोग किंवा उपद्रव नसलेल्या प्राण्याला स्वतंत्र नाव मिळायचे असेल, तर वर्गवारीचा निकष प्राण्याच्या शरीरातच शोधावा लागतो.

३. १७५७ की १७५८?

हा बदल युरोपात ठळकपणे दिसतो तो स्वीडनमध्ये. कार्ल क्लर्क हे स्टॉकहोममध्ये करवसुलीच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांनी १७५७ साली स्वीडनमधील कोळ्यांवर सचित्र ग्रंथ काढला. मजकूर स्वीडिश आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत होता, आणि त्यात साठहून अधिक कोळ्यांची वर्णने होती. प्रत्येकाला दोन शब्दांचे नाव दिलेले होते.

पुढच्याच वर्षी, १७५८ मध्ये, कार्ल लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती आली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात येथून धरायची असे पुढे ठरले. याआधीची नावे ग्राह्य नाहीत. मग क्लर्क यांची नावे एका वर्षाने बाद व्हायची का? लिनियस यांनी तर सगळे कोळी ‘अ‍ॅरेनिया’ या एकाच प्रजातीत ठेवले होते. कोळ्यांपुरता क्लर्क यांचा ग्रंथ अधिक बारकाईचा होता.

यावर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अपवाद केलेला आहे. क्लर्क यांचा ग्रंथ १ जानेवारी १७५८ रोजी प्रसिद्ध झाला असे मानायचे आणि त्यातील नावांना लिनियस यांच्या नावांपेक्षा अग्रक्रम द्यायचा. म्हणून कोळ्यांच्या यादीत आजही क्लर्क यांच्या नावापुढे १७५७ हे साल दिसते. सर्व प्राण्यांमध्ये हा मान फक्त कोळ्यांना आहे.

येथे मूळ तत्त्व लक्षात घ्या. एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावे दिली, तर आधी रीतसर प्रसिद्ध झालेले नाव चालते. देणारा राजा आहे की करकचेरीतला नोकर, याला महत्त्व नसते.

४. तरंगंबाडीचा रस्ता

ही नवी पद्धत आपल्या देशात कोणत्या वाटेने आली? तिची एक वाट तिरुविसनल्लूरच्या पूर्वेला, समुद्रकाठी होती. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी १६२० साली करार करून डॅनिश लोकांनी तरंगंबाडी येथे वसाहत केली. पुढे तंजावर मराठ्यांकडे आले तरी डॅनिश तिथेच राहिले, आणि १८४५ मध्ये त्यांनी ती वसाहत इंग्रजांना विकली.

लिनियस यांचे शिष्य योहान केनिग १७६८ साली तरंगंबाडीला डॉक्टर म्हणून आले आणि त्यांनी या भागातील वनस्पती गोळा केल्या. तिथले पाद्री क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन हे मासे आणि इतर प्राणी युरोपात पाठवत. ‘जॉनियस’ या माशांच्या प्रजातीला त्यांचेच नाव आहे. लिनियस यांचे दुसरे शिष्य फाब्रिसियस यांनी नावे दिलेल्या अनेक कीटकांच्या वर्णनात मूळ ठिकाण म्हणून ट्रँकेबार, म्हणजे हेच तरंगंबाडी, लिहिलेले आढळते.

याच सुमारास तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे होते, कारकीर्द १७९८ ते १८३२. तरंगंबाडीच्या मिशनशी संबंधित पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी युरोपीय शास्त्रांची पुस्तके जमवली, आणि दरबारी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली.

म्हणजे नमुने गोळा करणारे हात, चित्र काढणारे हात आणि पुस्तके हे सगळे कावेरीच्या खोऱ्यात हजर होते. पण नाव ठरण्याची जागा युरोपात होती. नमुना जहाजाने जाई, वर्णन लॅटिनमध्ये तिकडे छापले जाई आणि नमुना तिकडच्या संग्रहात राही. याचा परिणाम पुढे दीडशे वर्षे टिकला.

५. पॅरिसच्या आसपासचे दगड

आता आपल्या कोळ्याच्या कुळाकडे येऊ. त्याचे शास्त्रीय नाव नॅफोसिडी. या कुळात जगभर दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्याची पायाभरणी झाली ती पॅरिसच्या परिसरात.

शार्ल वाल्कनेर यांनी १८०२ साली पॅरिस परिसरातील प्राण्यांवर पुस्तक लिहिले. त्यात दगडाखाली राहणाऱ्या एका कोळ्याला त्यांनी ‘अ‍ॅरेनिया लॅपिडोसा’ असे नाव दिले. लॅपिडोसा म्हणजे दगडांशी संबंधित. दुसऱ्या एकाला ‘अ‍ॅरेनिया ल्युसिफ्युगा’, म्हणजे उजेडापासून पळणारा, असे नाव दिले. दोन वर्षांनी, १८०४ मध्ये, लात्रेय यांनी या दुसऱ्या कोळ्याच्या आधारे ‘नॅफोसा’ ही प्रजाती केली. १८५१ मध्ये स्वीडनच्या वेस्ट्रिंग यांनी ‘ड्रॅसोडिस’ ही प्रजाती केली, आणि तिचा आधार ठरला लॅपिडोसा.

म्हणून पहिल्या कोळ्याचे आजचे पूर्ण नाव असे लिहितात : ड्रॅसोडिस लॅपिडोसस (वाल्कनेर, १८०२). लेखकाचे नाव कंसात का? कारण वाल्कनेर यांनी ही जाती वेगळ्या प्रजातीत ठेवली होती आणि ती नंतर हलवली गेली. हलवली नसती तर कंस आला नसता. शेवटचे अक्षर बदलले तेही लॅटिन लिंगानुसार. विशेषणाने प्रजातीच्या नावाचे लिंग घ्यायचे असते, जसे मराठीत काळा घोडा आणि काळी घोडी. एवढ्या एका ओळीत त्या नावाचा इतिहास नोंदलेला असतो. विद्यार्थ्यांनी हा कंस कधीही ‘सजावट’ समजून गाळू नये.

प्रत्येक प्रजातीला अशी एक आधारजाती असते, आणि प्रत्येक जातीला एक मूळ नमुना असतो. त्याला टाइप म्हणतात. नाव त्या नमुन्याला बांधलेले असते. वर्णन अपुरे निघाले, चित्र चुकले, तरी नमुना पाहून वाद मिटवता येतो. २०१९ पर्यंत किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या एका धातूच्या ठोकळ्यावर होती, हे तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला असाल. टाइपचे काम तसेच आहे. फरक एवढाच की किलोग्रॅमचा ठोकळा एक होता, आणि टाइप प्रत्येक जातीला वेगळा.

६. दोन सारखे कोळी

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. इंग्लंडचे जॉन ब्लॅकवॉल यांनी १८३४ साली ‘ड्रॅसस क्युप्रियस’ या कोळ्याचे वर्णन केले. क्युप्रियस म्हणजे तांब्याच्या रंगाचा. आज त्याला ड्रॅसोडिस क्युप्रियस म्हणतात. हा कोळी लॅपिडोससच्या इतका जवळचा दिसतो की पुढे बराच काळ दोघांची सरमिसळ होत राहिली. काही अभ्यासक क्युप्रियसला लॅपिडोससचाच एक प्रकार मानत.

गोंधळाचे कारण सोपे आहे. तांबूस झाक, करडेपणा, आकार ही लक्षणे एकाच जातीतही वयानुसार आणि जागेनुसार बदलतात. नुसत्या रंगावर भिस्त ठेवली की दोन जाती एक वाटतात, किंवा एकीच्या दोन होतात. जननांगांची बारकाईने तुलना झाली तेव्हा या दोन स्वतंत्र जाती आहेत हे नक्की झाले.

पण तोपर्यंत जे नुकसान व्हायचे ते झाले होते. कोणी एखाद्या डोंगरावर ‘लॅपिडोसस आढळला’ अशी नोंद केलेली असेल, तर तो खरोखर कोणता? नमुना जपून ठेवलेला असेल तर पुन्हा तपासता येतो. नसेल तर ती नोंद कितीही प्रामाणिक असली तरी वापरता येत नाही. नाव चुकले की त्या नावाखाली जमा केलेली सगळी माहिती, म्हणजे कुठे राहतो, काय खातो, कधी अंडी घालतो, चुकीच्या प्राण्याला चिकटते.

७. ओळख पटवण्याच्या पायऱ्या

आता भिंग किंवा सूक्ष्मदर्शक घेऊन काय पाहायचे ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी, कुल. नॅफोसिडीत आठ डोळे दोन ओळींत असतात, आणि मागच्या ओळीतले मधले दोन डोळे अनेकदा गोल नसून चपटे किंवा तिरके असतात. पायाच्या टोकाला दोन नख्या असतात. सर्वांत उपयोगी खूण पोटाच्या मागच्या टोकाला आहे. रेशीम सोडणाऱ्या अवयवांपैकी पुढचे दोन लांबट, नळकांड्यासारखे आणि एकमेकांपासून दूर असतात.

या नळकांड्यांची गोष्ट अभियंत्याने ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासक त्यांचा उपयोग फक्त ओळखीची खूण म्हणून करत होते. १९९० मध्ये अमेरिकेच्या नॉर्मन प्लॅटनिक यांनी त्यांची बारीक रचना पाहून या कुळांचे आपसातले नाते तपासले. २०१७ मध्ये योनास वोल्फ आणि सहकाऱ्यांनी त्यांचे काम दाखवून दिले. हे कोळी त्यांतून चिकट, पट्टीसारखे रेशीम सोडतात आणि धोकादायक भक्ष्याचे पाय त्याने बांधून टाकतात. म्हणजे जी वर्गवारीची खूण होती, ती शिकारीचे हत्यार निघाली.

दुसरी पायरी, प्रजाती. नॅफोसात जबड्याच्या मागच्या कडेला दात्यांची रुंद पट्टी असते. ड्रॅसोडिसच्या पायाच्या बुडाजवळच्या आखूड सांध्यावर खोल खाच असते. झेलोटिस आणि त्याच्या जवळच्या प्रजातींच्या मागच्या पायांवर केसांचा कंगवा असतो, अंग साफ करण्यासाठी. ही लक्षणे रंगासारखी बदलत नाहीत.

तिसरी पायरी, जाती. येथे पूर्ण वाढ झालेला कोळी लागतो. नराच्या तोंडाजवळ आखूड पायासारखे दोन अवयव असतात, त्यांना पॅल्प म्हणतात. त्यांच्या टोकाला फुगीर, गुंतागुंतीची रचना असते आणि तिने तो शुक्राणू मादीकडे पोहोचवतो. मादीच्या पोटाखाली एक कठीण पट्टी असते, तिला एपिगाइन म्हणतात. बहुतेक जातींत या दोन्हींचा आकार ठरावीक असतो. पिल्लात हे अवयव तयार झालेले नसतात, म्हणून पिल्लाची ओळख बहुधा प्रजातीपाशीच थांबते.

हे अवयव इतके वेगवेगळे का? १८४४ मध्ये लेआँ द्युफूर यांनी कीटकांबाबत कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. एका जातीची किल्ली दुसरीच्या कुलपात बसत नाही, म्हणून जाती वेगळ्या राहतात. शाफ्ट आणि भोक यांच्या फिटची सवय असलेल्या आपल्याला ही कल्पना लगेच पटते. पण १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी दाखवले की बऱ्याच प्राण्यांत ती पुरेशी ठरत नाही. मादीच्या निवडीमुळेही हे आकार झपाट्याने बदलत असावेत. कारण काहीही असो, ओळखीसाठी हे अवयव भरवशाचे आहेत.

८. साखळी पुण्यात येते

भारतातील कोळ्यांवर छापील काम १९व्या शतकात वाढले. भूगर्भ सर्वेक्षणातले फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८६९ मध्ये भारतीय कोळीवर्गीय प्राण्यांवर निबंध लिहिला. १९०० साली लंडनच्या रेजिनाल्ड पोकॉक यांचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतील खंड आला. पॅरिसमध्ये यूजीन सिमाँ आशियातील कोळ्यांची वर्णने करत होते. मद्रासच्या संग्रहालयाचे प्रमुख ग्रेव्हली यांनी २०व्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण भारतातल्या अनेक कोळ्यांवर लिहिले. पण जुने मूळ नमुने बव्हंशी लंडन-पॅरिसला होते. येथे बसून तुलना करायची तर पुस्तकातल्या वर्णनावर विसंबावे लागे.

भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. त्याच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्रात बिनय कृष्ण टिकादार यांनी अनेक वर्षे काम केले. पुढे ते सर्वेक्षणाचे संचालकही झाले. मूळचे बंगाली असलेल्या या संशोधकाने पुण्यात बसून भारतातल्या कोळ्यांची कुळामागून कुळे हाती घेतली. नॅफोसिडीवर त्यांनी गजबे यांच्यासोबत १९७०च्या दशकात बरेच निबंध प्रसिद्ध केले. १९८२ मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’ मालिकेत त्यांचा कोळ्यांवरचा दुसरा खंड आला. त्याचा एक भाग संपूर्ण नॅफोसिडीवर आहे. एका भारतीय संशोधकाने लिहिलेली, भारतातल्या जाती एकत्र देणारी आणि चित्रांसह असलेली ही ओळखपुस्तिका पुढच्या पिढीसाठी पहिली पायरी ठरली.

त्यातली नावे पाहा. नॅफोसा पूनाएन्सिस हे पुण्यावरून, १९७३ मधले. ड्रॅसिलस रत्नागिरिएन्सिस हे रत्नागिरीवरून, १९७६ मधले. पहिल्या नावाचा अर्धा भाग पुण्याचा आहे आणि अर्धा लात्रेय यांचा. हा कोळी ‘नॅफोसा’ आहे असे म्हणणे म्हणजे तो वाल्कनेर यांच्या उजेडापासून पळणाऱ्या कोळ्याचा जवळचा नातलग आहे असे म्हणणे. रत्नागिरीच्या कोळ्याची प्रजाती तर अमेरिकेच्या राल्फ चेंबरलिन यांनी १९२२ मध्ये केलेली. आपल्या मातीतल्या कोळ्याचे माप अशा रीतीने दूरच्या गेजने घेतलेले आहे.

९. साखळीतल्या सैल कड्या

यात वाईट काही नाही. प्रमाण कुठे तरी ठेवावेच लागते. अडचण वेगळी आहे. दूरच्या गेजने माप घेतले, तर ते गेज प्रत्यक्ष हाताळून पाहायला मिळाले पाहिजे. टिकादारांच्या पिढीला अनेकदा ते मिळत नसे. परदेशी संग्रहातून नमुने मागवणे अवघड, जुने निबंध मिळवणे अवघड, आणि चित्रे काढायची ती हाताने. शिवाय कित्येक जातींची वर्णने फक्त मादीवरून किंवा फक्त नरावरून झाली. एका ठिकाणची मादी आणि दुसऱ्या ठिकाणचा नर वेगवेगळ्या नावांनी नोंदले गेले, तर ते एकाच जातीचे आहेत हे कळणार कसे?

म्हणून आता टिकादारांच्या काळातली वर्णने पुन्हा तपासली जात आहेत. सर्वेक्षणाच्या संग्रहातले मूळ नमुने पाहायचे, त्याच ठिकाणाहून ताजे नमुने मिळवायचे, राहिलेला नर किंवा मादी शोधायची आणि गरज पडली तर जाती दुसऱ्या प्रजातीत हलवायची. केरळमधल्या इरिंजालाकुडा आणि थेवरा येथील महाविद्यालयांत कोळ्यांवर असे काम नेमाने होते. यात टिकादारांचा उणेपणा काढण्याचा प्रश्न नाही. त्यांनी नमुने जपून ठेवले आणि ते कुठे सापडले ते लिहून ठेवले, म्हणूनच आज तपासणी करता येते. ज्याने काहीच जपले नाही, त्याची चूक दुरुस्तही करता येत नाही.

दुसरी मोठी सोय म्हणजे जागतिक कोळी सूची. प्लॅटनिक यांनी ती २००० साली इंटरनेटवर आणली आणि २०१४ पासून ती स्वित्झर्लंडच्या बर्न येथील संग्रहालयातून चालते. २०२२ मध्ये तिच्यात ५० हजारावी जाती नोंदली गेली. नोंदणी केलेल्या अभ्यासकाला जुने निबंधही तेथे वाचायला मिळतात. वाल्कनेर यांचे वर्णन वाचायला आता पॅरिसला जावे लागत नाही. कुंभकोणम किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही ते उघडू शकतो. सरफोजीराजांना जी पुस्तके जहाजाने मागवावी लागली, त्याहून मोठे ग्रंथालय आज त्याच्या फोनवर आहे.

पण तेवढ्याने ओळख पटत नाही. फोनवर काढलेल्या फोटोत पॅल्प किंवा एपिगाइन सहसा दिसत नाही. फोटो पाहून जातीचे नाव ठामपणे सांगणारा माणूस क्युप्रियस आणि लॅपिडोससचीच गोष्ट पुन्हा घडवत असतो.

१०. तुम्ही काय करू शकता

दगड उचलला तर तो परत तसाच ठेवा, कारण ते कोणाचे तरी घर आहे. संरक्षित वनात परवानगीशिवाय नमुना घेऊ नका. फोटो काढा, आणि त्यासोबत तारीख, गाव, जागा, दिवसाची वेळ आणि दगड होता की पाचोळा हे लिहा. वर्णन रंगाने सुरू न करता डोळ्यांची मांडणी आणि पोटाच्या टोकाची नळकांडी यांनी करा. खात्री कुलापर्यंतच असेल तर कुलापाशीच थांबा. ‘नॅफोसिडी, जाती अनिश्चित’ ही नोंद खरी असते आणि पुढच्या माणसाला उपयोगी पडते. खात्रीशिवाय लिहिलेले पूर्ण नाव मात्र त्याला वर्षानुवर्षे फसवू शकते.

तिरुविसनल्लूरच्या बांधावर सापडलेल्या कोळ्याला आज नाव द्यायचे झाले तर वाट अशी : बांधावरून सूक्ष्मदर्शकाखाली, तिथून १९८२च्या खंडाकडे, तिथून सर्वेक्षणातल्या मूळ नमुन्याकडे, आणि प्रजातीची शंका आली तर थेट १८०२च्या पॅरिसच्या दगडांकडे. या वाटेवरची प्रत्येक कडी कोणी तरी पुन्हा तपासू शकेल अशी असेल, तरच शेवटी मिळालेले नाव टिकते.

स्वाध्याय

१. सुश्रुतसंहितेतील लूतांची विभागणी आणि नॅफोसिडी कुळाची व्याख्या यांतील निकषांचा फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. ‘ड्रॅसोडिस लॅपिडोसस (वाल्कनेर, १८०२)’ या नावातील कंस काय सांगतो? ‘नॅफोसा पूनाएन्सिस टिकादार, १९७३’ यात कंस का नाही?

३. तुमच्या प्रयोगशाळेतील एका मापन उपकरणाची प्रमाणापर्यंतची साखळी लिहा. तिच्यातील कोणती कडी टाइप नमुन्याशी जुळते?

४. महाविद्यालयाच्या आवारातील तीन जागी दगडाखाली पाहा. आढळलेल्या प्रत्येक कोळ्याची ओळख कुठपर्यंत खात्रीने सांगता येते ते लिहा, आणि तिथेच का थांबलात याचे कारण द्या.